डाव्या कानातला सूर

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिने छापखान्याला फोन लावायला म्हणून रिसीव्हर उचलला, उजव्या हाताने कोशाच्या शब्दपत्रिका शोधायच्या होत्या म्हणून तो उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला, आणि फोनचा सूर उतरला. नंबर फिरवायच्या आधी येतो तो साधा, एकसुरी, जन्मात कुणी लक्ष देऊन न ऐकलेला आवाज. तो थोडासा खाली आला. तिला वाटलं लाइन खराब आहे. रिसीव्हर परत उजव्या कानाला लावला, तर सूर होता तिथे. डाव्या कानाला लावला, खाली. उजवा, डावा, उजवा. समोरच्या टेबलावरची टंकलेखिका म्हणाली, "काय हो, फोनला वारा घालताय का?" ती हसली. रिसीव्हर जागेवर ठेवला. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. तिने ड्रॉवरमधून नादकाटा काढला, आपटला की एकच ठराविक सूर देणारा. गुरुवारच्या तालमीसाठी तो कायम तिच्या ड्रॉवरमध्ये, खोडरबर आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी पडलेला असे. बाथरूममध्ये गेली, कडी लावली, नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि उजव्या कानाशी धरला. मग डाव्या. मग पुन्हा गुडघ्यावर. गुडघा दुखायला लागला तरी ती आपटत होती. दोन सूर होते. दोहोंमध्ये पाव सुराची फट होती, आणि त्या फटीतून तिला तिचं सगळं आयुष्य गळून जाताना दिसलं, म्हणजे दिसलं असं नाही, पण पायाखाली फळी हलली की माणूस जसा भिंत धरतो तशी तिने बेसिनची कड धरली.

कोश कार्यालयात ती एकोणीस वर्षं होती. परभाषांतून आलेल्या शब्दांचा खंड तिच्याकडे होता, आणि गाण्याबजावण्याचे शब्द साहजिकच तिच्या वाट्याला आले होते, कारण कार्यालयात गाणं कळणारी ती एकटी. दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ती अकरा जणांचा एक वृंद चालवत असे. वाद्य नाही, ताल धरायला काही नाही, नुसते गळे. नादकाटा कानाशी धरायचा, सूर मिळाला की तो गुणगुणून अकरा जणांना द्यायचा, हात उचलायचा आणि सुरू. लोक विचारत, पेटी नाही, पियानो नाही, मग तुम्ही टेकता कशावर? ती म्हणायची, "एकमेकांवर." हे म्हणताना तिला नेहमी जरा अभिमान वाटे. आता बाथरूममध्ये तिला ते वाक्य आठवलं आणि लाज वाटली. एकमेकांवर कसलं? सगळे तिच्यावर टेकत होते. पहिला सूर तिचा. तो चुकला की अकरा माणसं चुकीच्या जिन्याने वर चढणार.

बाहेर आली तर टेबलापाशी मुख्य संपादक उभे. त्यांना सगळे पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं 'बस' या शब्दावर संपत असे.

"आ कापेल्लाची नोंद झाली का?" त्यांनी विचारलं. "छापखानेवाला माझ्या उरावर बसलाय. बुधवारी हवी. बस."

"अर्थ झालाय. व्युत्पत्ती अडलीय."

"व्युत्पत्ती वाचतं कोण? तुम्ही, मी आणि वाळवी. बस."

ते गेले. ते बोलत असताना ती किंचित वळून उजवा कान त्यांच्याकडे करून उभी होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. आणि मग हेही लक्षात आलं की ती असं आज पहिल्यांदा करत नव्हती. किती दिवस झाले? टेबल तिने भिंतीकडून खिडकीकडे सरकवून घेतलं होतं, उजेड येतो म्हणून. उजेड! खिडकीपाशी बसलं की सगळी खोली उजव्या हाताला येत होती. वृंदात ती पूर्वी मधोमध उभी राहायची, हल्ली डाव्या टोकाला. माणूस स्वतःला किती शिताफीने फसवतो. कानाने केव्हाच दगा दिला होता आणि बाकीचं शरीर घरातल्या शहाण्या माणसांसारखं तो झाकत बसलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तिला तिच्या वडिलांची आठवण आली, किंवा खरं म्हणजे आठवण सकाळपासून दाराशी येऊन उभी होती, आता फक्त आत आली.

बाबा पियानोला सूर लावायचे. घरोघरी, शाळांतून, एका नाट्यगृहातून. तारा पिळायची चावी, चामड्याचे तुकडे, नादकाटा, सगळं एका डॉक्टरी दिसणाऱ्या पिशवीत. रविवारी तीही बरोबर जायची, कारण बाबांना कंपनी लागे आणि तिला पियानोच्या पोटात डोकावायला आवडे. ती पंधरा वर्षांची असताना, एका संगीतशिक्षिकेच्या घरी, बाबा वरच्या पट्ट्या लावत होते आणि तिला वाटलं, थांबा, झालं, लागला. पण बाबा थांबले नाहीत. त्यांनी तार आणखी पिळली. सूर नेमक्या जागेवरून निसटून वर गेला, कानाला टाचणीसारखा टोचायला लागला, तेव्हा बाबा समाधानाने म्हणाले, "हं. आता बोलला." तिने शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिका खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं. आई कोथिंबीर निवडत होती. तिने सांगितलं तशी आईचे हात थांबले. "ऐकलंस तू?" आई म्हणाली. तिने मान डोलावली. आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "नाही ऐकलंस," आई म्हणाली, आणि परत काड्या मोडायला लागली. त्यानंतर वर्षभर तिने ऐकलं नाही. दर रविवारी बाबांबरोबर जाऊन, पियानोशेजारी स्टुलावर बसून, प्रत्येक तार वर वर जाताना तिने ऐकलं नाही. गिऱ्हाईकं भली होती. कुणी तोंडावर बोललं नाही. एकाने पियानो विकला म्हणून सांगितलं, एकाने पाहुणे आहेत म्हणून. नाट्यगृहवाल्यांनी तर बाबांचा सत्कार केला, शाल दिली, आणि दुसरा माणूस लावला. शेवटी शिक्षिकेच्या पियानोची एक वरची तार, भर कार्यक्रमात, ताण न सोसून तुटली. त्यानंतर फोन वाजायचाच बंद झाला, आणि वाजला असता तरी पुढच्या दोन वर्षांत तो बाबांना ऐकू येईनासा झाला होता.

मंगळवारी ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाई तरुण, घाईतल्या, पण हात ऊबदार होते. तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. उजव्या कानाचं चटकन झालं. मग डावा. शांतता. शांतता म्हणजे रक्ताची सळसळ, स्वतःच्या गिळण्याचा आवाज. आता वाजत असेल का? काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंचं बोट हललं तसं तिने बटण दाबलं. पुन्हा बोट हललं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना तिच्या ध्यानात आलं की आपण परीक्षेत कॉपी करतोय. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि स्वतःच्या कानाच्या परीक्षेत कॉपी करते. डॉक्टरीणबाईंनी काचेवर टकटक केलं आणि तिला तोंड भिंतीकडे करून बसायला सांगितलं. भिंतीला भोकाभोकांचा पांढरा पत्रा होता. ती एकेक भोक बघत बसली आणि बटण हातात घामाने निसरडं होत गेलं. ऐकू येण्याची वाट बघणं इतकं भयंकर असतं हे तिला ठाऊक नव्हतं. अंधारात पायरी शोधणारा पाय जसा हवेतच राहतो तसा तिचा अंगठा राहिला होता.

"डावीकडे खालच्या आवाजांना कान कमी झालाय," डॉक्टरीणबाई कागदावरची रेघ दाखवत म्हणाल्या. "आणि दोन कान एकच आवाज वेगवेगळ्या उंचीवर ऐकतायत. होतं असं. याला एक लांबलचक नाव आहे, पण नाव घेऊन काय करणार?"

"मला नावं लागतात," ती म्हणाली. "माझं कामच ते आहे."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "गोळ्या देते. मीठ कमी करा. काहींचं भरून येतं, काहींचं आहे तिथे थांबतं. घरात कुणाला त्रास?"

"वडिलांना. पूर्ण."

"असं." लिहिणारं पेन थांबलं. "मग उजव्याकडेही लक्ष ठेवू आपण."

उजव्याकडेही. हा 'ही' तिच्याबरोबर बसमध्ये चढला, घरापर्यंत आला. शब्दाच्या शेपटीला लागलेला एवढासा प्रत्यय, ज्याला कोशात स्वतंत्र नोंदसुद्धा धड मिळत नाही. रस्त्यात एक माणूस लोखंडी शटर ओढत होता, एक बाई मुलाला हाका मारत होती, आणि ती प्रत्येक आवाज उजव्या कानाने चाचपून बघत होती, खिसेकापूंच्या गर्दीतून जाणारा माणूस खिसा चाचपतो तशी. आहे. अजून आहे. आत्ता आहे.

बुधवारी ती शब्दाला भिडली. निदान शब्दाला दोन सूर नसतात, असं तिला वाटलं होतं. आ कापेल्ला. इटालियन. अर्थ सोपा: वाद्यांच्या साथीविना केलेलं गायन. आता मूळ. 'कापेल्ला' म्हणजे छोटं प्रार्थनागृह, आ कापेल्ला म्हणजे प्रार्थनागृहाच्या रीतीने. त्याच्या मागे गेलं की लॅटिनमध्ये 'काप्पा' म्हणजे झगा, आणि 'काप्पेल्ला' म्हणजे लहानसा झगा, झग्याचा तुकडा. गोष्ट अशी सांगतात की एका शिपायाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला स्वतःचा झगा तलवारीने कापून अर्धा दिला. पुढे तो शिपाई संत झाला, त्याचा झगा लोकांनी जपून ठेवला, आणि ज्या खोलीत तो ठेवला त्या खोलीलाच झग्याचं नाव पडलं. एरवी अशी गोष्ट सापडली की तिचा दिवस सोन्याचा व्हायचा, टंकलेखिकेला थांबवून ती सांगायची. आज ती नुसती लिहून घेत होती. मग तिने जाडजूड संगीतेतिहासाचा खंड उघडला, दाखला पडताळायचा म्हणून, आणि तिथे बारीक टायपात जे होतं ते तिने तीनदा वाचलं. मग उठली आणि पूर्णविरामांच्या खोलीत गेली, न सांगता, दार न वाजवता.

"घोळ आहे," ती म्हणाली. "साथीविना हा मूळ अर्थच नाही."

"मग?"

"जुन्या काळी प्रार्थनागृहात गायचे तेव्हा पुष्कळदा वाद्यं असायची. गळ्यांच्या बरोबरीने, तेच सूर धरून वाजायची. फक्त ती कुणी लिहून ठेवायचं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं ना, लिहायचं कशाला? मग दोन-तीनशे वर्षांनी लोकांनी जुने कागद उघडले. कागदावर नुसते गळे. त्यांना वाटलं, काय लोक होते, एकटे गायचे! आणि त्या समजुतीवर शब्दाचा आजचा अर्थ उभा राहिला."

पूर्णविरामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे अर्थ चूक?"

"समजूत चूक. पण अर्थ आता तोच."

"मग तसंच लिहा. चूक रूढ झाली की आपण तिला अर्थ म्हणतो, निम्मा कोश असाच भरलाय." ते थांबले, तिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला बरं नाही का?" आणि 'बस' म्हणायला विसरले. तिला रडू कोसळेल असं वाटलं. ती "उजेडाने डोळे दुखतात" म्हणाली आणि बाहेर आली.

गुरुवारी तालमीला जाण्याआधी तिने डाव्या कानात कापसाचा बोळा घट्ट बसवला, वर केस ओढून घेतले. निदान आज एकाच कानाने ऐकायचं. पंधरवड्यावर नव्या वाचनालयातला कार्यक्रम होता, घाबरून चालण्यासारखं नव्हतं. चित्रकलेच्या वर्गात नेहमीसारखा ओल्या रंगांचा वास होता. सगळे जमले. खर्जातले औषधवाले, जे दिवसभर दुकानात गोळ्या मोजायचे आणि ज्यांना सगळे 'खर्ज' म्हणूनच हाक मारत; वरच्या आवाजातली शिवणवाली, जिच्या ब्लाउजच्या काखेत कायम एक सुई टोचलेली असे; बाकीचे. तिने नादकाटा आपटला, उजव्या कानाशी धरला, सूर गुणगुणून दिला; बोळ्यामुळे तिचा स्वतःचाच आवाज डाव्या कानात आतून घुमला. आणि हात उचलायच्या आधी, त्या एका श्वासाएवढ्या जागेत, तिला ते ऐकू आलं. खर्ज घसा साफ करत होते. हल्ली ते दर तालमीला करायचे. पण आज कापसामुळे डाव्या कानातला गढूळपणा गेला होता, आणि तिला स्वच्छ कळलं की तो घसा नव्हता. तो सूर होता. अगदी हलका, ओठ मिटून, छातीत धरलेला, तिच्या सुरापेक्षा पाव सूर खाली. बाकी दहाही जणांच्या माना कणभर त्यांच्याकडे कलल्या, वाऱ्याने गवत कलावं तशा. तिने हात उचलला. सगळे गायले. नेमके. तिच्या सुरात नाही, त्यांच्या.

गाणं चालू होतं आणि तिचे हात हलत होते. तिला वाटलं आपण मेलोय आणि हे आपल्याला न सांगता पुढे चाललंय. किती दिवस? कुणाकुणाला ठाऊक आहे? हे लोक तिच्याकडे बघून हसत होते ते काय बघून? तालीम संपल्यावर शिवणवाली म्हणाली, "आज छान झालं, बाई," आणि तिला त्या 'छान'मध्ये नाट्यगृहवाल्यांनी बाबांच्या खांद्यावर घातलेल्या शालीची लोकर लागली. मऊ, ऊबदार, गळ्याभोवती. घरी जाताना तिचा हात दोनदा आपोआप गळ्याकडे गेला. तिला खर्जांचा राग आला नाही. त्याहून वाईट झालं, तिला त्यांची भीती वाटली. भल्या माणसांची भीती. वाईट माणूस निदान तोंडावर सांगतो. भला माणूस खिडकीबाहेर बघतो.

शुक्रवारी तिने रजा टाकली. बाबा जेवणाच्या टेबलावर पत्ते लावत बसले होते, एकट्याने खेळायचा डाव. ते ब्याऐंशी वर्षांचे होते आणि गेली तीस वर्षं त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागे. ती पाटी घेऊन समोर बसली. लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं. बाबा म्हणाले, "अर्ज लिहितेस का कुणाला?" बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, उघड्या आवाजात, जो शेजारच्या घरापर्यंत जातो. मग तिने एका दमात लिहिलं: शेवटच्या वर्षी तुम्ही वरचे सूर चढवून लावत होतात. मला कळत होतं. मी सांगितलं नाही.

पाटी त्यांच्याकडे फिरवली. पाटी टेबलावर खडखडली, आणि तो खडखडाट फक्त तिलाच ऐकू आला. बाबांनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हती, म्हणून पत्त्यांकडे बघत होती.

"किती चढवून?" बाबांनी विचारलं.

तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिने वर पाहिलं.

"किती, किती? अर्धा सूर? पाव?"

पाव, तिने लिहिलं. कधी जास्त.

"सगळीकडे की नुसता वर?"

वरच्या दीड सप्तकात.

बाबा बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "तरीच मास्तरणीची तार गेली," ते म्हणाले. "मी त्या तारेच्या कारखान्याला पत्र लिहिलं होतं, ठाऊक आहे? चांगलं खरमरीत. तुमचा माल भिकार आहे म्हणून. त्यांनी माफी मागून नवीन तारा पाठवल्या, बिचाऱ्यांनी." ते हसले. मग हसू अर्ध्यातच थांबलं आणि खालचा ओठ हलायला लागला. "सांगायचं होतंस."

भीती वाटली, तिने लिहिलं.

"माझी?"

तुम्हाला वाईट वाटेल याची. आईपण म्हणाली

तिने 'आईपण' पुसलं, पण बाबांनी वाचलं होतं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तिलाही ठाऊक होतं, म्हणजे." खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "वाईट तर वाटलंच असतं. आठ दिवस जेवलो नसतो. तुझ्याशी बोललो नसतो. नवव्या दिवशी तुला घेऊन गेलो असतो आणि म्हटलं असतं, बाळ, वरचं दीड सप्तक तू ऐक, खालचं मी बघतो. तू 'बस' म्हणालीस की मी थांबलो असतो." त्यांनी एक पत्ता उचलला आणि हातातच धरून ठेवला. "दोन-तीन वर्षं आणखी चाललं असतं. एवढंच होतं ते. एवढंच."

ती रडली. पंधराव्या वर्षी रडायचं राहून गेलं होतं ते, आवाज करून. बाबांना आवाज ऐकू येत नव्हता, पण टेबल हलत होतं, तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "आज का सांगितलंस?"

तिने पाटी ओढली. लिहिलं: माझा डावा कान.

बाबा उठले. टेबलाला वळसा घालून आले, तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले, आणि तिचा डावा कान दोन बोटांत धरला. लहानपणी पिळायचे तसा नाही. नुसता धरला, तारेचा ताण बघतात तसा. त्यांच्या बोटांना अजून तो धातूचा वास होता की तिला तसं वाटलं, कोण जाणे. "लोकांना सांगितलंस?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली, नाही. "मग जा," ते म्हणाले, इतक्या मोठ्याने की जिन्यातून जाणारं कुणीतरी थबकलं.

पण जाणं लगेच झालं नाही. मधले सहा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. तिने मुदत टळून गेलेली कोशातली नोंद पूर्ण केली, व्युत्पत्तीला चार ओळी जास्त घेतल्या, आणि पूर्णविरामांनी त्या कापल्या नाहीत. सहा दिवस ती भाषणं तयार करत होती आणि खोडत होती. एक भाषण असं की ती वृंद सोडतेय. एक असं की तब्येतीमुळे थोडी विश्रांती. सगळ्यात चांगलं भाषण ते, ज्यात कुणी काही विचारूच शकणार नाही. रोज सकाळी ती फोनचा रिसीव्हर उचलून उजव्या कानाला लावायची आणि नंबर न फिरवता ऐकत राहायची. आहे. अजून आहे. उद्याचं कोण सांगणार?

गुरुवारी सगळे जमले तेव्हा तिने नादकाटा पिशवीतून काढलाच नाही. "बसा," ती म्हणाली. मुलांची छोटी बाकं होती, मोठी माणसं गुडघे वर घेऊन त्यात बसली. "माझ्या डाव्या कानात सूर खाली ऐकू येतो. म्हणून मी देते तो चढतो. तुम्हाला कधीपासून कळलंय?"

शिवणवालीने काखेतली सुई काढली आणि परत टोचली. खर्जांनी हात मांड्यांवर ठेवले. "थंडी संपत आली होती," ते म्हणाले, "तेव्हापासून."

"सगळ्यांना?"

"आधी मला. मग... ठरवलं नाही हो कुणी. आपोआपच झालं."

"मला वाटायचं तुमचा घसा बिघडलाय! मी तुम्हाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या!"

"केल्या की," खर्ज म्हणाले. "महिनाभर केल्या. औषधवाल्याला औषध सांगितलंत, नाही कसं म्हणणार?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. तिलाही हसू आलं असतं, पण दात एकमेकांवर आपटत होते, म्हणून तिने जबडा घट्ट धरला. तयार केलेल्या भाषणांपैकी एकही तिच्या हाताशी नव्हतं. "मी सोडत नाहीये," ती म्हणाली, आणि तिचा तिलाच धक्का बसला. "सूर आजपासून यांनी द्यायचा. उघड. तोंड उघडून. मी तुमच्यात उभी राहणार आणि गाणार. मी चुकले की थांबवायचं."

"कुणी?" शिवणवालीने विचारलं.

"ज्याला ऐकू येईल त्याने."

"कार्यक्रमातसुद्धा?"

"कार्यक्रमात नको," ती म्हणाली. "इथे."

सगळे उठून उभे राहिले. ती शिवणवाली आणि एका पोस्टमनच्या मध्ये उभी राहिली. कापूस नव्हता घातला, तसंच ऐकायचं होतं. खर्जांनी सूर दिला. जाड, गोल, सगळी खोली भरून. तो तिच्या उजव्या कानात एक आणि डाव्यात दुसरा होऊन शिरला, आणि त्या दोहोंतला कुठला धरायचा हे ठरवेपर्यंत सगळे सुरू झाले होते. ती गायला लागली. वर्षानुवर्षं समोर उभं राहून हात हलवणाऱ्या तिला ओळीत उभं राहण्याची सवय नव्हती. उघड्यावर कपडे काढल्यासारखं वाटत होतं. पहिलं कडवं झालं. कुणी थांबवलं नाही. म्हणजे बरोबर आलं? की अजूनही खिडकीबाहेर बघतायत? तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून शिवणवालीकडे पाहिलं. शिवणवाली समोर फळ्याकडे बघून गात होती, चेहरा कोरा. हे असंच राहणार. ती विचारणार आणि ते 'छान' म्हणणार, ती पुन्हा विचारणार आणि ते पुन्हा 'छान' म्हणणार, आणि एक दिवस उजवा कानही जाईल आणि तेव्हाही ओळीत तिच्याभोवती हे सगळे मऊ आवाज असतील. दुसरं कडवं सुरू झालं. चढण आली. ती चढली.

शिवणवालीने हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, सरळ.

गाणं विस्कटत थांबलं. सगळ्यात शेवटी पोस्टमनचा आवाज थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"बाई," शिवणवाली म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि हात अजून वरच होता. "तुम्ही चढताय."

कानशिलांत रक्त ठोके देत होतं, दोन्हीकडे, सारखेच.

"किती?" तिने विचारलं.

शिवणवालीने खर्जांकडे पाहिलं, मग नाही पाहिलं. "असेल पाव सूर. पावाला थोडा कमी."

"कुठून?"

"दुसऱ्या ओळीपासून." शिवणवालीने हात खाली घेतला आणि दोऱ्याचं टोक सापडलेल्या बाईसारखी एकदम सैलावली. "आणि खरं सांगू का? त्या तिसऱ्या गाण्यात तर तुम्ही अर्ध्या सुरापर्यंत जाता. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हणायची, आज तर छपराला लागलो."

खर्जांनी डोळे मिटून घेतले. ती शिवणवालीकडे बघत होती.

"दुसऱ्या ओळीपासून घेऊ," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या उजव्या बाजूला या."